सावे मास्टर आणि आर्द्रेची धूळ

आमच्या कंपनीत एक खोली अशी होती, की तिच्यात रंगीत कपडे घालून जायला मनाई होती. कापड रंगवणाऱ्या कंपनीत ही मनाई चमत्कारिक वाटेल, पण ती खोली विश्राम सावे यांची होती आणि तिथले नियम त्यांनी केलेले होते. भिंती करड्या, टेबल करडं, दाराची आतली बाजूसुद्धा करडी. ते स्वतः पांढरा नाहीतर राखाडी शर्ट घालत. प्रयोगशाळेत नव्याने लागलेली स्नेहा पहिल्या दिवशी पोपटी ओढणी घेऊन आत गेली, तेव्हा मान वर न करता ते म्हणाले होते, "बाय, ती ओढणी बाहेर खुंटीला लाव. तू आत ये, तिला नको आणूस."

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवणारे कारखाने पुष्कळ आहेत. आमचा त्यातला मध्यम. मोठ्या यंत्रांतून रंगून बाहेर आलेलं कापड, म्हणजे एक लॉट, गिऱ्हाइकाने मंजूर केलेल्या तुकड्याशी जुळतं की नाही, हे कोणाला तरी ठरवावं लागतं. त्या मंजूर तुकड्याला आम्ही स्टँडर्ड म्हणतो. लॉट जुळला तर माल पुढे, नाही जुळला तर परत यंत्रात. रंग मोजणारं यंत्र आमच्याकडे तेव्हा यायचं होतं. ठरवायचं ते सावे मास्टरांनी, आणि त्यांनी ठरवलेलं कोणी बदलत नसे.

मी हिशेब खात्यातला. माझं टेबल त्या खोलीला लागून, मध्ये काच. कामातून मान वर केली की मास्टर दिसत. त्यांचं काम बघणं हा माझा दिवसातला आवडता विरंगुळा होता. दोन तुकडे सारख्या घड्या घालून कडेला कड लावून ठेवायचे. बघायचं ते क्षण-दोन क्षण. लगेच तोंड फिरवून करड्या भिंतीकडे बघायचं, जसं कोणी घोटभर पाणी पिऊन तोंडातली चव घालवतं. मग डावा तुकडा उजवीकडे, उजवा डावीकडे, पुन्हा क्षणभर बघायचं. "चालंल" किंवा "नाय". फार बोलावंसं वाटलं तर, "एक बोट उतरलाय," म्हणजे रंग जरासा फिका आलाय. टक लावून मात्र कधी बघायचं नाही. त्यांचे गुरू सुरतेकडचे एक वृद्ध रंगारी होते. ते म्हणत, टक लावलीस की कापड तुझ्या मनासारखं दिसायला लागतं.

मास्टर माकुणसार गावचे. वडिलांची पानवेलींची वाडी होती. विड्याची पानं करंडीत रचण्याआधी कोवळं, जून आणि पिवळं पडू लागलेलं पान वेगळं करायचं काम लहानपणी त्यांच्याकडे असे. "हिरवा मी वाडीत शिकलो," ते सांगत, "लाल कंपनीत." आणि लालच सगळ्यांत अवघड, असंही सांगत. निळा चुकला तर माणूस चालवून घेतो, लाल चुकलेला लांबून ओरडतो.

त्या सुरतेच्या गुरूंनी त्यांना आणखी एक सवय लावली होती. रंगाऱ्याने स्वतःच्या डोळ्याचीही परीक्षा घ्यावी, आणि ती कापडावर घेऊ नये, कारण कापड माणसाने रंगवलेलं असतं. गुरू यासाठी काय बघत ते मला माहीत नाही. मास्टरांनी आपल्यापुरतं आकाश निवडलं. मार्गशीर्ष लागला की जेवणाआधी ते वाडीच्या कडेला, विहिरीपलीकडे जाऊन उभे राहत. पूर्वेला रोहिणी वर आलेली असे आणि तिच्या खाली मृगाचे चार पाय, मधोमध बाण. त्या चार पायांतला तांबडा तो आर्द्रेचा तारा. पुस्तकांत त्याला काक्षी म्हणतात. मास्टर आपल्या वडिलांसारखं आर्द्राच म्हणत. रोहिणीही लाल, आर्द्राही लाल. पण आर्द्रा ठसठशीत आणि जास्त तांबूस, रोहिणी तिच्याहून थोडी फिकी, केशराकडे झुकणारी. एक नजर हिच्यावर, मग काळोखात, मग एक नजर तिच्यावर. दोन लालांतला तो फरक दरवर्षीसारखा दिसला, की मास्टर घरात येऊन बायकोला, आमच्या दमयंतीवहिनींना, सांगत, "झाला. या वर्षाचा डोळा पास."

वहिनी म्हणत, "मग आता जेवा. भात गार झाला."

हे असं कितीतरी वर्षं चाललं होतं. २०१९ च्या मार्गशीर्षात मात्र मास्टर घरात आले आणि काही न बोलता पाटावर बसले. आर्द्रा तेजात रोहिणीच्या खाली उतरली होती.

पहिल्या दिवशी त्यांनी धुराला दोष दिला. हिवाळ्यात बोईसरकडचा धूर खाली दबतो आणि किनाऱ्यालगत पसरतो, हे आपल्या सगळ्यांच्या नाकाला माहीत आहे. पण धूर असता तर रोहिणीही मंदावली असती. दुसऱ्या दिवशी ते मोटरसायकल काढून केळव्याच्या समुद्रावर जाऊन आले. तिथे आकाश स्वच्छ होतं आणि आर्द्रा तशीच होती. उलट दिवसेंदिवस ती जास्तच उतरत गेली. वहिनींना त्यांनी बाहेर नेऊन विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मला दोन्ही लाल दिसतात. तुमाला काय हवंय ते सांगा, मी तसं म्हणते."

मास्टरांनी यातून एकच अर्थ काढला. आकाशातला तारा म्हणजे स्टँडर्ड. आमच्या धंद्यात स्टँडर्ड बदलत नसतं. बदलतो तो लॉट, नाहीतर बघणाऱ्याचा डोळा. आणि डोळा जाताना आधी लाल जातो, ही त्यांच्या मनातली जुनी भीती होती.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ते बाहेर पडलं भिवंडीच्या व्यापाऱ्याच्या तक्रारीमुळे.

या व्यापाऱ्याचं मरून कापड आम्ही वर्षानुवर्षं रंगवत होतो. शाळांच्या गणवेशाचं काम, दर हिवाळ्यात सुरू होणारं, एकच रंग, एकच स्टँडर्ड. त्या डिसेंबरात त्याचा माणूस कापडाची दोन ठाणं घेऊन आला, एक मागच्या वर्षीचं, एक आताचं. टेबलावर शेजारी शेजारी उलगडून ठेवली. मी दारात उभा होतो, मलासुद्धा फरक दिसला. नवं कापड फिकं होतं.

आमचे मालक हर्षितभाई तरुण, भांडायला तयार. ते म्हणाले, "तुमचं जुनं कापड कसं ठेवलं, कुठे ठेवलं, मला काय माहिती? आपण स्टँडर्ड आणू. त्याच्याशी लॉट जुळतो की नाही ते बघू. मास्टर, स्टँडर्ड मागवा."

मास्टर उठले नाहीत. "स्टँडर्ड कशाला?" ते म्हणाले. "स्टँडर्ड काय चुकणार हाय? चूक माजी हाय. माजा लाल गेला."

मग त्यांनी उभं राहून, परक्या माणसासमोर, आर्द्रेची सगळी हकीकत सांगितली. भिवंडीचा माणूस भांडायचं विसरून ऐकत राहिला. हर्षितभाईंनी विचारलं, "मास्टर, हे नक्की का?"

"नक्की नाय म्हणून तर बाजूला होतो," मास्टर म्हणाले. "नक्की असतं तर बसलो असतो."

मला ते वाक्य आजही आठवतं. त्यांचं सगळं आयुष्य त्या डोळ्यावर उभं होतं. गप्प राहिले असते तर हर्षितभाई त्यांच्या बाजूने भांडले असते, आणि ते निवृत्तीपर्यंत त्या करड्या खोलीत बसले असते. पण ज्या कापडावर आपण मान हलवतो ते शेकडो मुलं वर्षभर अंगावर घालणार, त्यातलं एक नवं आणि एक जुनं शेजारी उभं राहणार, हे त्यांना दिसत होतं. एवढं खरं बोलणारा माणूस मी आमच्या वसाहतीत दुसरा पाहिला नाही. पण त्या खरेपणाचा एक परिणाम असा झाला, की स्टँडर्ड आणायला कोणी उठलंच नाही. चूक कबूल झाल्यावर शोधायचं काय?

स्नेहा तेवढी हळू आवाजात म्हणाली, "मास्टर, ते लॉट मीही बघितले होते. मला जुळलेले वाटले."

"तू माज्याकडूनच शिकलीस," मास्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते घडी खात्यात गेले. तिथे तयार कापडाच्या घड्या होतात आणि गठ्ठे बांधले जातात. हर्षितभाईंनी त्यांना पांढऱ्या कापडावर ठेवलं. मरूनचं काम स्नेहाकडे आलं आणि ती भिवंडीवाल्याने ठेवून दिलेल्या जुन्या ठाणाशी लॉट जुळवू लागली. मास्टर पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. वयाप्रमाणे मोतीबिंदूची सुरुवात आहे, रंग ओळखण्यात दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. मास्टरांचं समाधान झालं नाही. "डॉक्टर मला विचारतात, लाल आणि हिरवा वेगळा दिसतो का. लाल आणि लाल वेगळा दिसतो का, ते कोण विचारणार?"

रंगाच्या मोठ्या यंत्रावर गोमा होता, विक्रमगडच्या डोंगराकडचा. मास्टरांनी नापास केलेले लॉट परत यंत्रात घालायचे ते त्याने, त्यामुळे दोघांचं वर्षानुवर्षं भांडण आणि तितकीच मैत्री. जेवणाच्या सुट्टीत तो घडी खात्यात येऊन बसे.

"मास्टर, इथं बरं हाय तुमाला. सगळं पांढरं. चूक करायला पण जागा नाय."

"तुला बरं झालं. आता लॉट परत येत नसतील."

"येतात. ती पोरगी तुमच्याहून वाईट हाय," गोमा म्हणाला. "तुमी नाय म्हणून गप्प बसायचे. ती नाय म्हणते आणि वर सॉरी म्हणते. मला मग तिला समजवायला लागतं."

मास्टर हसले, पण मी बघत होतो, ते घड्यांकडे बघत नव्हते. पांढऱ्या कापडात बघण्यासारखं काही नव्हतं आणि कुठे बघावं हे त्यांना कळत नव्हतं.

जानेवारीत एका दुपारी स्नेहा हातात वर्तमानपत्र घेऊन घडी खात्यात आली. तेव्हा गोमा आणि मी तिथेच होतो. तिने आतलं पान मास्टरांसमोर धरलं. मृगातला काक्षी नावाचा तारा गेले काही महिने मंद होत चालला आहे, जगभरचे निरीक्षक थक्क झाले आहेत, अशी ती बातमी होती. सोबत मृगाचं चित्र होतं आणि एका पायाभोवती गोल काढला होता.

मास्टरांनी चित्र बघितलं. मजकूर वाचला. पुन्हा चित्र बघितलं. "हा आर्द्रेचाच तारा," ते म्हणाले.

"तोच," स्नेहा म्हणाली. "तुमचा डोळा नाही मास्टर, ताराच उतरलाय."

"तारा कसा उतरंल?"

तिला जेवढं माहीत होतं तेवढं तिने सांगितलं. तो फार मोठा आणि म्हातारा तारा आहे. काही म्हणतात आता फुटेल. काही म्हणतात त्याने आपल्याच अंगातला वायू बाहेर टाकलाय आणि त्याची धूळ समोर आलीय.

"फुटला तर?" गोमाने विचारलं.

"त्याचा उजेड इथे यायला पाचशे-सातशे वर्षं लागतात. आज फुटला तर आपल्याला तेव्हा दिसणार."

"मंजी पुढच्या शिफ्टवाल्यांचा ताप," गोमा म्हणाला आणि डबा बंद करून यंत्राकडे गेला.

मास्टर मात्र हलले नाहीत. पेपरातल्या बातमीवर त्यांचा भरवसा नव्हता. पेपरवाल्याने काही लिहिलं असेल, त्यावरून माझा डोळा बरा कसा ठरतो, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. शेवटी ठरलं असं, की येत्या रविवारी संध्याकाळी स्नेहा आणि मी माकुणसारला जायचं आणि तिघांनी मिळून बघायचं. मी पालघरला राहतो, स्नेहा जवळच कोळगावला, त्यामुळे मी तिला गाडीत घेतलं.

वहिनींनी आमच्यासाठी उकडहंडी लावली होती. मडक्यात कंद, कोनफळ, वालाच्या शेंगा भरून ते उपडं करून भोवती जाळ घातलेला. वाडीत तो धूर रेंगाळत होता. मास्टरांनी आम्हाला जाळाकडे पाठ करून विहिरीपलीकडे उभं केलं आणि मोबाइल खिशात ठेवायला लावले. काळोखाला डोळे सरावल्यावर त्यांनी हात वर केला. रोहिणी. खाली मृग. तांबडा पाय.

स्नेहाने त्यांना विचारलं, "मास्टर, लॉट बघता तसं बघा. रोहिणी एक तुकडा धरा. आर्द्रेशेजारचा मृगाचा दुसरा पाय, तो निळसर पांढरा, हा दुसरा तुकडा. आर्द्रा तेजात या दोघांत कुठे बसते?"

मास्टरांनी एक नजर रोहिणीवर टाकली, मग काळोखात बघितलं. एक नजर आर्द्रेवर, मग काळोख. एक नजर त्या दुसऱ्या पायावर. तोंड फिरवून परत उलट्या क्रमाने. मला काचेपलीकडून बघितलेलं सगळं तिथे उघड्या आकाशाखाली दिसलं.

"रोहिणीच्या खाली. बरीच खाली," ते म्हणाले. "ह्या पांढऱ्याच्या जरा वर. अगदी जरा."

स्नेहाने मोबाइल काढला. त्या आठवड्यात ठिकठिकाणच्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी बघून काय कळवलं होतं, ते तिने शोधून ठेवलं होतं. तिने ते वाचून दाखवलं. रोहिणीहून बराच मंद, आणि मृगाच्या त्या दुसऱ्या ताऱ्याहून थोडाच तेजस्वी. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर, आणि सगळ्यांचं उत्तर मास्टरांच्या उत्तराशी जुळत होतं.

वहिनी जाळाकडून म्हणाल्या, "काय झालं? पास का नापास?"

"वहिनी, पास," स्नेहा म्हणाली.

त्या ताऱ्याचं पुढे काय निघालं, ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये काही राहणार नाही. त्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे सगळे कारखाने बंद होते तेव्हाच तो पुन्हा उजळला. नंतरच्या वर्ष-दीड वर्षात शास्त्रज्ञांनी मोठमोठ्या दुर्बिणींतून जमवलेल्या माहितीवरून सांगितलं, की स्नेहाने ऐकलेली दुसरी गोष्ट बरोबर होती. असे तारे म्हातारपणी फुगतात. हा तर इतका, की आपल्या सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी आणि मंगळ त्याच्या पोटात जातील. एवढ्या पसरलेल्या अंगावर वरच्या थरांची पकड ढिली होते. आत खदखदणाऱ्या वायूचे प्रचंड बुडबुडे वर येतात, काही वायू सुटून बाहेर पडतो. दूर जाता जाता तो थंड होतो आणि त्याचे बारीक कण बनतात. ती धूळ, काहीशी आपल्या वाळूच्या जातीची. २०१९ मध्ये असा एक मोठा लोट नेमका आपल्या बाजूला सुटला आणि ताऱ्याचा काही भाग त्याच्याआड गेला. सगळेच म्हातारे मोठे तारे असं अंगावरचं टाकत असतात, कोणी हळूहळू वाऱ्यासारखं, कोणी असं झटक्यात. अब्जावधी वर्षांनी सूर्यही फुगेल आणि टाकेल. आणि ती धूळ वाया जात नाही. अवकाशातल्या ढगांत ती मिसळते, त्या ढगांतून नवे तारे होतात, त्यांच्याभोवती ग्रह होतात. मास्टरांची वाडी ज्या मातीत आहे तिच्यातही कुठल्या तरी जुन्या ताऱ्यांनी टाकलेलं काही आहेच.

त्या रविवारी मात्र हे सगळं पक्कं ठरलं नव्हतं. आम्ही जाळाशी येऊन बसलो. शेजारच्या ओटीवरचा दिवा मध्ये आलेल्या धुरामुळे तांबूस आणि मिणमिणता दिसत होता. स्नेहा वहिनींना तेच दाखवून समजावत होती, की दिवा तेवढाच आहे, धूर मध्ये आला. फक्त ताऱ्याच्या बाबतीत धूर दुसऱ्या कोणाचा नव्हे, त्याचाच.

"मंजी चुलीने आपल्याच धुराने तोंड लपवलं," वहिनी म्हणाल्या.

"तसंच."

"मग हे इतके दिवस जेवले नाय नीट, ते चुलीच्या धुरापायी." त्यांनी मडकं उचलून ताटात उलटं केलं. "आता खा."

मास्टर खात होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, त्यांना हायसं वाटलं असेल. तसं नव्हतं. ते स्नेहाला म्हणाले, "डोळा बरोबर. आर्द्रा बरोबर दिसली. मग मरून फिका कसा गेला?"

"मी लॉट स्टँडर्डशी जुळवला," ते जणू स्वतःशी म्हणाले. "डोळा बरोबर होता, मंजी लॉट स्टँडर्डशी जुळला होता. तरी फिका." मग त्यांनी हातातली शेंग ताटात ठेवली. "तारा पण स्टँडर्डच होता ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घडी खात्यात न जाता थेट प्रयोगशाळेत गेले. आमच्याकडे स्टँडर्डचे तुकडे काळ्या कागदाच्या पाकिटांत घालून कपाटात ठेवतात, उजेड लागू नये म्हणून. हा नियम मास्टरांचाच. पण मरूनचा तुकडा हंगामात दिवसातून कितीदा लागे. तो पाकिटात घालणं, काढणं नको, म्हणून कपाटाबाहेर फळ्यावर टाचलेला असे. आदल्या उन्हाळ्यात प्रयोगशाळा इमारतीच्या पुढच्या अंगाला हलवली, तेव्हा फळाही हलला. तो आता पश्चिमेच्या खिडकीसमोर होता. रोज दुपारी ऊन त्याच्यावर येत होतं, आणि रोज बघणाऱ्याला त्यात काही वेगळं दिसत नव्हतं, जसं रोज बघणाऱ्याला घरातला माणूस म्हातारा झालेला दिसत नाही.

मास्टरांनी तुकडा टाचणीतून काढला. त्याच्या एका कोपऱ्यावर रंगाचा नंबर लिहिलेली कागदी चिठ्ठी चिकटवलेली होती, पहिल्यापासून. त्यांनी पातळ पातं घेऊन ती हळूच सोडवली.

चिठ्ठीखाली गडद मरून रंगाचा चौकोन होता. बाकीचा सगळा तुकडा त्याच्यापुढे फिका.

मास्टरांनी तो तुकडा क्षणभर बघितला, भिंतीकडे तोंड फिरवलं, पुन्हा क्षणभर बघितला. एवढ्या उघड फरकासाठी तशी गरज नव्हती. सवय.

हर्षितभाई आले तेव्हा मास्टरांनी तुकडा त्यांच्या हातात दिला. हर्षितभाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि त्या तक्रारीनंतर पहिल्यांदाच ते हसले. "मास्टर, मी त्या दिवशी म्हणत होतो ना, स्टँडर्ड आणा?"

"म्हणत होता."

"तुम्ही आणू दिलं नाही."

"नाय दिलं. ती चूक माजी, आणि फळ्यावर टाचायची पण माजी. खिडकीसमोर लागला तेव्हा माज्या लक्षात यायला पाहिजे होतं."

"म्हणजे डोळा बरोबर, बाकी सगळं चूक," हर्षितभाई म्हणाले. "चला, तुमच्या खोलीत बसा. गेलेला माल परत आलाय, तो सगळा पुन्हा रंगवायचाय. भिवंडीवाला रोज फोन करतो. दुपारपर्यंत पहिला लॉट जायला हवा."

मास्टर करड्या खोलीत गेले. दुपारी गोमाच्या यंत्रातून पहिला लॉट आला. चिठ्ठीखालच्या चौकोनाशी आणि भिवंडीच्या जुन्या ठाणाशी तो जुळवायचा होता. हर्षितभाई दारात उभे, बाहेर टेम्पो उभा. मी काचेतून बघत होतो. मास्टरांनी तुकडे मांडले, पण बघण्याआधी स्नेहाला पुढे बोलावलं.

"तू आधी बघ."

तिने बघितलं, तोंड फिरवलं, पुन्हा बघितलं. "मला थोडा हलका वाटतोय," ती म्हणाली. "पण दुपारचा उजेड आहे, त्यामुळे असेल. कदाचित माझाच डोळा..."

"डोळ्याला काय दिसलं ते सांग. डोळ्यावर शंका मागनं घे, आधी बोल."

"हलका आहे."

मग मास्टरांनी बघितलं. क्षणभर. भिंत. पुन्हा क्षणभर. हर्षितभाईंनी घड्याळाकडे बघितलं.

"नाय," मास्टर म्हणाले. "एक बोट उतरलाय."

हर्षितभाई वळले आणि टेम्पोवाल्याला सांगायला गेले, की आज निघत नाही, उद्या ये. गोमा बाहेर ढकलगाडीवर कापड लादून उभा होता. त्याला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. त्याने मास्टरांच्या तोंडाकडे बघितलं, एक शिवी पुटपुटली, आणि गाडी फिरवून परत यंत्राकडे ढकलत नेली.